डबा रिकामा आला

१

बुधवारी सकाळी फाट्याजवळच्या पडीक विहिरीत मिना राठोड सापडली. तिची आई चंदाबाई तांड्यावरून धावत आली, विहिरीच्या काठावर बसली आणि रडायच्या आधी तिनं मला विचारलं, "बाई, मंग डबा कोनं खाल्ला?"

पोलिसात माझे केस पिकले. मेलेल्या माणसांचे आईबाप काय काय विचारतात ते मला पाठ आहे. कोणी केलं, काहून केलं, त्याला फाशी होईल का. हा प्रश्न मात्र मी पहिल्यांदा ऐकला.

मिना साखरा गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरची. हिंगोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची. साखऱ्याला रात्री मुक्कामाला थांबणारी बस पहाटे हिंगोलीला निघते. त्या बसमध्ये चंदाबाई रोज लेकीचा डबा ठेवायची. ड्रायव्हरच्या बाजूला तांड्यावरचे आणि गावातले असे बरेच डबे असतात. कंडक्टर ते हिंगोलीच्या स्टँडवर एका बाकावर ठेवतो, पोरं येऊन आपापला डबा नेतात आणि संध्याकाळी रिकामे डबे त्याच बसनं परत येतात. याची कुठं पावती नाही की नोंद नाही. आमच्या तालुक्यातले निम्मे शिकलेले लोक या बाकावरच्या भाकरीवर शिकलेत.

मिनाच्या बापानं, बाबूसिंगनं, तिला मोबाइल दिला नव्हता. मोबाइलनं पोरगी बिघडते हे त्याला कोणीतरी पटवून दिलेलं. तेव्हा डबा हाच या घरचा फोन होता. रिकामा आला म्हणजे पोरगी जेवली, पोरगी बरी आहे. रविवारी संध्याकाळी मिना घरून निघाली. सोमवारी डबा रिकामा आला आणि मंगळवारीही रिकामा आला, म्हणून घरी कोणाला घोर नव्हता.

आमच्या साहेबांकडं प्रत्येक विहिरीचं उत्तर तयार असतं. त्यांनी वरूनच डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पोरीनं जीव दिलाय. कोण पोरगा होता तेवढं बघा." काठावर जमलेल्या गर्दीनंही तेवढ्यात तेच ठरवलं होतं.

दोर बांधून खाली उतरला तो वैजनाथ. फाट्याजवळच्या वस्तीवर राहणारा, साखरा-हिंगोली जीप चालवणारा, अंगानं काटक आणि बोलायला गोड. रविवारी संध्याकाळची बस नसते, म्हणून मिना त्याच्याच जीपनं गेली होती. वर आला तेव्हा तो लेकरासारखा रडत होता. रविवारी आपणच तिला हिंगोलीच्या स्टँडवर उतरवलं, उतरताना ती हसली होती, असं तो दिसेल त्याला सांगत होता.

आमची गाडी बंदोबस्ताला गेलेली. मिनाला वैजनाथच्याच जीपमधून हिंगोलीला न्यावं लागलं. मी पुढं बसले.

"दार धरून बसा बाई," तो म्हणाला. "कडी सैल हाय."

दाराला नवी कोरी तार गुंडाळलेली होती. मी हिंगोलीपर्यंत ते दार धरून बसले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुपारनंतर मला आत बोलावलं आणि दरवाजा लावून घेतला.

"ही बुडून मेलेली नाही," त्या म्हणाल्या. "विहिरीत पडायच्या आधीच ती गेली होती. डोक्याला मागून मार आहे, पण तो मरणाच्या आधी दीड-दोन दिवसांचा. आणि बाई, जखमेत हळद भरलेली आहे. नीट, दाबून."

म्हणजे मंगळवारपर्यंत ही पोरगी जिवंत होती. कोणीतरी तिची जखम बांधत होतं आणि कोणीतरी तिचा डबा रिकामा करत होतं.

२

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. हळद शिजवायचे दिवस होते, रस्त्यानं सगळीकडं कढयांचा धूर आणि तो उग्र वास. एरवी मला तो वास आवडतो. त्या दिवशी रुमाल लावून बसले.

बाबूसिंग बाजेवर बसून होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. पोरीच्या जिवाला जपण्यासाठी माणसानं जे करावं ते सगळं त्यानं केलं होतं. परक्याच्या गाडीत कधी बसवलं नाही. अंधारात प्रवास करू दिला नाही. रविवारीसुद्धा ऊन असतानाच जीप गाठली, ओळखीच्या घरचा पोरगा पाहून बसवलं, आणि मागं हळदीची पोती होती म्हणून वैजनाथला बजावून सांगितलं, माझ्या लेकीला पुढच्या शीटवर बसव.

"ती नाही म्हणाली का काही?"

"मागं पोत्यावर बसते म्हनली." तो जमिनीकडं पाहून बोलत होता. "म्या न्हाई बसू दिलं. पोरीच्या जातीनं पोत्यावर बसून जावं का? म्या वरडलो, मंग बसली पुढं."

मी मनात खूण करून ठेवली. तरणी पोरगी ड्रायव्हरशेजारी बसायला नको म्हणते, तर त्या ड्रायव्हरचा हात चांगला नसेल. बायकामाणसाला हे कळायला पोलिसात असावं लागत नाही. पण वैजनाथ तर तिला स्टँडवर सोडून आला होता, आणि मारायचंच असेल तर मग हळद कोण लावतं?

चंदाबाईकडं दोन डबे होते, एक जाणारा आणि एक येणारा. बुधवारी पहाटे लेक विहिरीत आहे हे माहीत नसताना तिनं एक डबा भरून बसमध्ये दिलाच होता. दुसरा, मंगळवारी संध्याकाळी परत आलेला, खुंटीला लटकलेला होता. तिनं तो कोणाला शिवू दिला नव्हता. मला मात्र स्वतः काढून दिला.

"पाहा बाई. कसा आरशावानी घासलाय. माझी मिना कवाच घासत न्हवती. पेपरानं पुसायची आन धाडायची. म्या बोलायची, तर म्हनायची, आमच्याकडं पानी कुठंय. सोमवारी आसाच लखलखीत आला, आन आत गुळाचा खडा. मंगळवारी बी गूळ. मला वाटलं, लेक शानी झाली, आता याडीसाठी गूळ धाडती."

आईला तांड्यावर याडी म्हणतात. तिनं मला तो मंगळवारचा गूळ दाखवला. तो तिनं देवापुढं ठेवला होता. सोमवारचा खाल्ला होता.

मी झाकणाच्या कडेत नख फिरवलं. नखाला करडं, मऊ काहीतरी लागलं. चंदाबाईनं माझ्या बोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाई, ही तर राख हाय."

३

मिनाची मैत्रीण प्रतीक्षा हिंगोलीत एका घराच्या मागल्या खोलीत राहायची. पुसेगावची पोरगी, चष्मा लावणारी, घाबरलेली. खोलीत दोन खाटा, एक गॅसची शेगडी आणि कोपऱ्यात प्लास्टिकचे रिकामे हंडे. घरमालकीण दोन दिवसाआड तासभर नळ सोडायची. भांडी घासायला साबणाची वडी होती. त्या गल्लीत चूल पेटलेली कोणी पाहिली नव्हती.

मिना आली नाही तर तुला काही वाटलं नाही का, असं मी जरा करड्या आवाजात विचारलं. पोरगी रडायलाच लागली. मिनाला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून कदाचित घरीच थांबेन असं ती सांगून गेली होती. प्रतीक्षाला वाटलं, थांबली असेल. ती नाही म्हटल्यावर तिचा डबा तरी कशाला येईल, म्हणून बाकाकडं ती फिरकलीच नाही. आणि तांड्यावर फोन केला असता तर तिच्या घरच्यांना कळलं असतं की प्रतीक्षाचा मोबाइल मिना वापरते. त्यावरून ती रामप्रसादशी बोलायची.

हे नाव काढताना तिनं माझे पायच धरले. मिनाच्या बापाला सांगू नका म्हणाली. आता सांगून त्या बापाचं आणखी काय नुकसान होणार होतं?

रामप्रसाद डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, मेसमध्ये जेवणारा. मैदानावर सापडला. तो पळाला नाही. मला पाहून जागच्या जागी खाली बसला.

"रविवारी मी स्टँडवर होतो," तो म्हणाला. "दिवे लागेपर्यंत थांबलो. सगळ्या जीपा पाहिल्या. वैजनाथची जीप आलीच नाही."

"मग तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू बाई? कोन म्हनून सांगू? तिचं नाव गेलं असतं."

हा खरं बोलत असेल तर वैजनाथ खोटं बोलत होता. रविवारीच एका माणसाला माहीत होतं की पोरगी पोचली नाही. तो तिच्यावर जीव टाकत होता, आणि म्हणूनच गप्प बसला. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्याशेजारी बसून रडावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही.

स्टँडवर जाऊन बाक पाहिला. बाकावर एकच डबा उरलेला होता, बुधवारचा. उघडला तर आत भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा, सगळं आंबून गेलेलं. सोमवारचा डबा कोणीतरी नेला, मंगळवारचा नेला, आणि बुधवारचा तसाच राहू दिला. बुधवारी डबा न्यायची गरज उरली नव्हती, हे त्या माणसाला पोरगी सापडायच्या आधीच माहीत होतं.

हे साहेबांना सांगायला फोन लावला, तर तेच आधी बोलले. एका पोरानं त्यांना मिनाचं आणि रामप्रसादचं प्रकरण सांगितलं होतं, आणि मी मैदानावरून निघाल्यावर आमची गाडी रामप्रसादला घेऊन गेली होती.

"कबूल करतो का बघतो रात्रीपर्यंत," साहेब म्हणाले. "तुम्ही या आता परत. डबे कसले मोजत बसलात?"

४

कंडक्टर हरिचंद डेपोत चहा पीत होता. वयस्क, पापभीरू माणूस. पोरांचे डबे सांभाळतो म्हणून तालुक्यात त्याला मान आहे. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, तिन्ही दिवस मिनाचा डबा आपण बाकावर ठेवला, असं त्यानं मला चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. कोणी नेला ते आपण पाहत नाही.

मी त्याच्यासमोर बसले आणि खुंटीवरचा डबा टेबलावर ठेवला.

"हरिचंदभाऊ, हा डबा चुलीच्या राखेनं घासलाय. हिंगोलीत पोरींच्या खोलीवर राख नाही. मेसमध्ये नाही. तुमच्या घरी आहे का?"

त्यानं मान हलवली. त्याच्याकडं गॅस होता.

"म्हणजे डबा हिंगोलीला पोचलाच नाही. वाटेतच कुठल्यातरी घरात गेला, तिथं घासला आणि वाटेवरूनच परत तुमच्या बसमध्ये चढला. चोरानं नेला असता तर खाऊन नाल्यात फेकला असता. नुसतंच फसवायचं असतं तर तसाच खरकटा परत केला असता, मिना तसाच पाठवायची. हा कोणीतरी मन लावून घासलाय. दुसऱ्याच्या घरचं भांडं खरकटं परत करायचं नाही आणि रिकामंही धाडायचं नाही, अशी सवय हाडात मुरलेली बाई आहे ती. म्हातारी असणार. तिच्या घरी चूल आहे, गूळ आहे, जखमेत भरायला घरची हळद आहे, आणि घर तुमच्या बसच्या रस्त्यावर आहे. तुमची बस कुठं थांबली, कोणी हात पुढं केला, तेवढं सांगा. तिकडं ठाण्यात एका पोराला मार पडतोय."

हरिचंदनं कप खाली ठेवला.

डबे नेणं नियमात बसत नाही, एकदा त्यावरून त्याला वरिष्ठांनी झापलं होतं. डबा भलत्याच माणसाच्या हातात दिला हे कळलं तर सगळ्याच पोरांचे डबे बंद होतील, या भीतीनं तो बुधवारपासून गप्प होता. सोमवारी पहाटे फाट्यावर एकानं बसला हात केला. म्हणाला, मिनाचा डबा द्या, मी थेट तिच्या कॉलेजात पोचवतो, तिचा पाय मुरगळलाय. संध्याकाळी रिकामा डबा त्यानंच परत दिला. मंगळवारीही तेच. बुधवारी तो रस्त्यावर नव्हता, म्हणून डबा बाकावर गेला.

"ओळखीचा मानूस व्हता बाई," हरिचंद म्हणाला. "वैजनाथ व्हता."

५

वैजनाथ विहिरीत उतरला होता. वैजनाथनं तिला वर काढलं होतं, आणि मी त्याच्या गाडीत, त्याच शीटवर, दार धरून बसले होते. दाराची ती नवी तार एकदम डोळ्यांपुढं आली आणि मला माझाच राग आला. मिना त्या शीटवर बसायला नको का म्हणाली, ते आता मला कळलं होतं. तिला ड्रायव्हरचं भय नव्हतं. रोज जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना कुठल्या जीपचं कुठलं दार धड नाही हे माहीत असतं.

पण कळणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं. हरिचंद उद्या फिरला तर माझ्या हातात चिमूटभर राख उरली असती. म्हणून मी आधी वस्तीवर गेले, जीप बाहेर गेलेली पाहून. बरोबर आमच्या घरच्या डब्यात शिरा नेला होता.

वैजनाथची आई चतुराबाई अंगणात हळद निवडत होती. पाठीत वाकलेली, पांढरे केस, हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं मला ओळखलं, काही विचारलं नाही, पाणी दिलं. मी म्हटलं, वैजनाथनं विहिरीत उतरून आम्हाला मोठी मदत केली, घरी शिरा केला होता, म्हटलं म्हातारीला द्यावा. तिनं शिरा ताटलीत काढून घेतला. मी डबा घ्यायला हात पुढं केला.

"थांबा," ती म्हणाली. "आसा कसा देऊ."

ती उठली. चुलीतली मूठभर राख घेतली, मोरीजवळ बसून माझा डबा आतून-बाहेरून घासला, झाकणाची कडसुद्धा. धुतला, पदरानं पुसला. मग मडक्यातून गुळाचा खडा काढला, डब्यात ठेवला आणि माझ्या हातात दिला. हे सगळं तिनं न बघता केलं, आयुष्यभर केलं असेल तसं.

मी पिशवीतून चंदाबाईचा डबा काढला आणि माझ्या डब्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच लखलखत होते.

चतुराबाईनं त्याकडं पाहिलं. मग ती हळूच खाली बसली, अंगणातच, हळदीच्या ढिगाजवळ.

"लेकराच्या घरचं भांडं व्हतं," ती म्हणाली. "रिकामं कसं धाडू, बाई?"

तिला विचारावं लागलं नाही. रविवारी फाट्याच्या अलीकडच्या वळणावर समोर म्हैस आली. वैजनाथनं जीप वळवली, दार उघडलं आणि पोरगी पुलाच्या कठड्यावर जाऊन पडली. रस्त्यावर कोणी नव्हतं. वैजनाथच्या लायसनची मुदत केव्हाच संपलेली, जीपचे कागद तसलेच. दवाखान्यात नेलं की पोलीस येणार, जीप जाणार. त्यानं तिला उचलून घरी आणलं. शुद्धीवर आली की तीच सांगेल, माझी मी पडले, मग दवाखान्यात नेऊ, असं त्यानं आईला समजावलं. आईनं हळद भरली, लुगडं फाडून डोकं बांधलं. डबा भरलेला परत गेला तर तांड्यावरून माणसं शोधत येतील, म्हणून पहाटे तो डबा घ्यायला रस्त्यावर गेला.

"सोमवारी तिनं डोळे उघडले," चतुराबाई सांगत होती. "डबा पाहिला आन वळखला. याडी म्हनली. मला वाटलं काई मागती, मंग ध्यानात आलं, आईला म्हनून राहिली. म्या भाकर दुधात कुस्करून भरवली. चार घास खाल्ले बाई तिनं. ते पाहून आमाला बी वाटलं, पोरगी वाचली. म्या म्हनलं त्याला, आता ने हिंगोलीला. तो म्हनला, खाऊन राहिली, उद्या बोलती बी होईल, उद्या नेऊ."

मंगळवारी पहाटे बस यायच्या आधीच मिना गेली. तरी वैजनाथ डबा घेऊन आला. त्या दिवशीची भाकरी वासराला घातली. डबा घासला, गूळ ठेवला. रात्री वैजनाथनं तिला फाट्याजवळच्या विहिरीत सोडलं.

सोमवारी आणि मंगळवारी, दोन्ही दिवस, वैजनाथची जीप हिंगोलीला फेऱ्या मारत होती. सरकारी दवाखाना त्याच रस्त्यावर आहे. डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं, सोमवारी आणली असती तर? त्या म्हणाल्या, वाचली असती बहुतेक.

जीपचा आवाज आला. वैजनाथ अंगणात आला, आईला पाहिलं, दोन डबे पाहिले. तो पळाला नाही. ज्या जीपसाठी हे सगळं झालं तिची चावी त्यानं माझ्यापुढं ठेवली आणि आईला म्हणाला, "तुला कोनी सांगितलं व्हतं घासायला?"

६

रामप्रसादला सोडलं. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. भरतीचं मैदान पुढच्या महिन्यात होतं. साहेब त्याला म्हणाले, जा, नशीब तुझं.

मी तांड्यावर गेले तेव्हा माझ्यापाशी चंदाबाईच्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते कसं द्यावं ते मला समजत नव्हतं. बाबूसिंगनं आधीच सगळं ऐकलं होतं. तो बाजेवरून उठला नाही.

"दाराचं तिला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "म्हून पोत्यावर बसते म्हनली. म्या तिला मानानं बसवलं, बाई."

मिनाची धाकटी बहीण दहावीला आहे. तिची शाळा दहावीनंतर बंद, हे त्यानं मला मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. प्रतीक्षाच्या बापानंही तिला पुसेगावला परत नेलं होतं. मला भांडायचं होतं. मोबाइल दिला असता तर, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण परक्या गाडीत न बसणारी, ऊन असताना निघणारी, बापाचं ऐकून पुढं बसणारी ती पोरगी. तिनं अजून काय करायला हवं होतं, ते मला सांगता आलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

संध्याकाळची मुक्कामी बस खालच्या रस्त्यानं गेली. हरिचंदवर चौकशी बसली होती, कंडक्टर नवा होता. ड्रायव्हरच्या बाजूला एकही डबा नव्हता.

चंदाबाई माझ्यासमोर येऊन बसली.

"सांगा बाई. डबा कोनं खाल्ला?"

"सोमवारचा मिनानंच खाल्ला," मी म्हणाले. "दुधात कुस्करून. तुमचा डबा तिनं ओळखला. याडी म्हणाली."

तिनं डोळे मिटले. तिचा चेहरा निवळला, खरंच निवळला, आणि मला वाटलं आता हिनं पुढं काही विचारू नये. मंगळवारचं मी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिला वेगळंच काही आठवत होतं.

"सोमवारी सांजच्याला," ती म्हणाली, "डबा आला. म्या इथंच बसून तो गूळ खाऊन राहिले व्हते. तवा ती जिती व्हती?"

वैजनाथची वस्ती तिथून जवळच आहे. तांड्याच्या टेकाडावरून तिचा धूर दिसतो.

"व्हय," मी म्हणाले.

चंदाबाई उठून बाहेर गेली. कुडाला धरून वाकली आणि घशात बोटं घातली. पुन्हा पुन्हा घालत राहिली. मी तिची पाठ धरून उभी राहिले. बाहेर काहीच आलं नाही.